पोपची पत्रे कोणी जपली? मध्ययुगीन कायदेसंग्रहांविषयी एक धागा

समाजमाध्यमांवर एक चित्रमालिका वर्षानुवर्षे फिरत असते. चर्मपत्राच्या कडेला मागच्या पायांवर उभा राहिलेला ससा धनुष्य ताणून शिकाऱ्यावर बाण सोडतो. मग त्या शिकाऱ्याचे हात बांधले जातात, सशांचे न्यायासन भरते आणि अखेर त्याचा शिरच्छेद होतो. शिकारी कुत्र्याचीही तीच गत. रीतसर खटला चालवून त्याला फासावर चढवले जाते. पाहणारा हसतो आणि चित्र पुढे धाडतो. ज्या पोथीच्या समासात हे ससे वावरतात ती पोथी कसली, हे मात्र त्या चित्राखाली सहसा लिहिलेले नसते.

ती पोथी कायद्याची आहे. ब्रिटिश लायब्ररीत ती ‘स्मिथफील्ड डिक्रेटल्स’ या नावाने ओळखली जाते. तिचा मजकूर इ. स. १३०० च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये, बहुधा तुलूझ येथे, लिहिला गेला. समासातील शेकडो चित्रे काही दशकांनी लंडनमध्ये काढली गेली. पानाच्या मधोमध पोपच्या पत्रांतील उतारे, त्यांच्याभोवती बारीक अक्षरातील टीका, आणि टीकेच्याही बाहेर ससे. या धाग्याचा विषय तो मधला, कोणी न वाचलेला मजकूर आहे.

मध्ययुगीन पोपविषयीच्या लोकप्रिय लेखनात एक ठरलेले दृश्य असते: रोममध्ये पोप हुकूम सोडतो आणि सारा युरोप मान तुकवतो. हुकूम होते, मान तुकवणारेही होते. परंतु या दृश्यातून एक माणूस हरवला आहे. पत्र हाती आल्यावर त्याची नक्कल करून ती वहीत उतरवून घेणारा तो माणूस. तो बहुधा रोमपासून शेकडो कोस दूर असे, पोपने त्याला नेमलेले नसे, आणि तरीही पोपची कोणती वाक्ये कायदा ठरणार व कोणती विस्मरणात जाणार, याचा निवाडा बऱ्याच अंशी तोच करीत असे. चर्चच्या कायद्याचा इतिहास पोपांच्या नावांनी सांगितला जातो. तो खरे तर या संग्राहकांचा इतिहास आहे. तसा तो वाचला नाही, तर बनावट पत्र फसवतेच, पण अस्सल पत्रही फसवते.

आरंभ एका प्रश्नोत्तराने होतो. स्पेनमधील तारागोनाचा बिशप हिमेरियस याने रोमला एक पत्र लिहून शंका विचारल्या. पाखंडी पंथातून परत आलेल्यांना पुन्हा बाप्तिस्मा द्यावा काय? धर्मगुरूंच्या वैवाहिक जीवनाचे काय? पत्र पोप दामासस याच्या नावे होते. ते पोहोचेपर्यंत दामासस वारला होता. उत्तर दिले त्याचा उत्तराधिकारी सिरिसियस याने, इ. स. ३८५ मध्ये. शेवटी त्याने हिमेरियसला सांगितले की हे उत्तर शेजारच्या प्रांतांतील बिशपांनाही कळवावे. या पत्राला सामान्यतः आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने डिक्रेटल, म्हणजे पोपचे निर्णयपत्र, मानतात. हिमेरियसने नेमके काय लिहिले होते ते पत्र मात्र नष्ट झाले. उत्तर उरले, प्रश्न गेला. पुढील हजार वर्षांच्या कायद्याची हीच तऱ्हा राहिली.

रोमकडे स्वतःचे दप्तर नव्हते काय? होते. पोपची जाणारी पत्रे नोंदवह्यांत उतरवली जात. पोप ग्रेगरी पहिला (इ. स. ५९०–६०४) याच्या अशा १४ वह्या पपायरसवर लिहिलेल्या होत्या. त्या साऱ्या गेल्या. आज त्याची सुमारे ८५० पत्रे वाचता येतात, ती प्रामुख्याने आठव्या शतकाच्या अखेरीस पोप हेड्रियन पहिला याच्या काळात कोणीतरी केलेल्या निवडीमुळे. निवडणाऱ्याने काय गाळले, हे कळण्यास मार्ग नाही. पोपच्या नोंदवह्यांची बरीचशी सलग मालिका सुरू होते ती इनोसंट तिसरा याच्यापासून, म्हणजे ११९८ पासून. त्याआधीच्या आठ-नऊ शतकांतून ग्रेगरी सातवा याची एक वही आणि जॉन आठवा याच्या वहीची अकराव्या शतकातील एक नक्कल एवढेच काय ते मोठे तुकडे हाताशी आहेत. ज्या सत्तेला सारा युरोप वाकत होता असे म्हणतात, तिचे दप्तर असे भुईसपाट झाले आहे. पोप काय म्हणाला हे जगाला ठाऊक आहे, ते ज्यांना पत्रे मिळाली त्यांच्यामुळे आणि ज्यांनी ती जमवली त्यांच्यामुळे.

जमवणाऱ्यांतला पहिला मोठा माणूस म्हणजे डायोनिसियस एक्सिगस, डॅन्यूबच्या मुखाजवळील प्रदेशातून रोमला आलेला संन्यासी. इसवी सन मोजण्याची पद्धत त्यानेच ५२५ मध्ये घातली. त्याने दोन संग्रह केले: एक धर्मसभांच्या ठरावांचा, दुसरा सिरिसियसपासून अनास्तेसियस दुसरा याच्यापर्यंतच्या पोपांच्या पत्रांचा. हे दोन्ही संग्रह एकत्र नकलले जाऊ लागले आणि एक गोष्ट निमूटपणे घडली. शेकडो बिशपांनी एकत्र बसून केलेला ठराव आणि एका पोपने एका बिशपाला लिहिलेले उत्तर एकाच ग्रंथात शेजारी बसले. समान दर्जाचा दावा कोणी कितीही केला असता, तरी त्याचा एवढा परिणाम झाला नसता, जेवढा त्या बांधणीने केला. ७७४ मध्ये हेड्रियनने शार्लमेनला या संग्रहाची वाढवलेली प्रत भेट दिली आणि फ्रँकिश राज्यात तो प्रमाणभूत होऊन बसला.

याच फ्रँकिश राज्यात पुढे साठ-सत्तर वर्षांनी मध्ययुगातील सर्वांत मोठी बनावटगिरी झाली. येथे थोडे थांबायला हवे, कारण लोकप्रिय इतिहासलेखनाची खरी परीक्षा याच ठिकाणी होते आणि बहुतेक लेखन त्यात नापास होते.

‘इसिडोरस मर्केटर’ या नावाने एक प्रचंड संग्रह नवव्या शतकाच्या मध्याला वावरू लागला. त्यात पहिल्या शतकातील क्लेमेंटपासून चौथ्या शतकाच्या आरंभीच्या मिल्टियाडीसपर्यंतच्या पोपांची ओळीने पत्रे होती. ही सारी पत्रे बनावट. मधल्या भागात धर्मसभांचे बहुतांशी खरे ठराव, आणि तिसऱ्या भागात खऱ्या-खोट्या पत्रांची सरमिसळ. सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला पश्चिमेचे राज्य दिल्याचे सांगणारे सुप्रसिद्ध खोटे दानपत्रही याच संग्रहातून दूरवर पोहोचले. बनावट मजकूर रचण्याची रीत चाणाक्ष होती. बायबल, चर्चचे जुने आचार्य, रोमन कायदा, धर्मसभा यांतून हजारो अस्सल वाक्ये वेचून, गोधडी शिवावी तशी ती जोडलेली. कोणत्याही वाक्यावर बोट ठेवावे तर ते जुने आणि खरेच निघे. खोटी होती ती खालची सही.

‘व्हॅटिकनने सत्तेसाठी खोटे कागद केले,’ असे वाक्य यावर ठोकून दिले जाते. त्यात दोन चुका आहेत. पहिली किरकोळ: त्या काळी पोपचे निवासस्थान व्हॅटिकन नव्हते, लॅटरन होते. दुसरी मोठी: हा संग्रह रोममध्ये झालेलाच नाही. तो उत्तर फ्रान्समध्ये, राँस या आर्चबिशपीच्या परिसरात झाला, याविषयी अभ्यासकांत बऱ्यापैकी एकमत आहे. जर्मन संशोधक क्लाउस त्सेखिएल-एकेस याने कॉर्बी मठातील जुन्या हस्तलिखितांत, बनावट पत्रांसाठी वाक्ये वेचणाऱ्याने केलेल्या समासातील खुणा ओळखल्या आणि कारखान्याचा पत्ता त्या मठापर्यंत नेला. त्याची काळनिश्चिती आजही वादात आहे. खुणा मात्र तेथेच आहेत.

मग रोमपासून इतक्या दूर, रोमच्या नावाने, कोणाला खोटे बोलावेसे वाटले? उत्तर त्या पत्रांच्या आशयात आहे. बिशपवर आरोप ठेवणे जवळजवळ अशक्य करणारे नियम त्यांत पुन्हा पुन्हा येतात. बिशपला दोषी ठरवण्यास ७२ साक्षीदार हवेत (हा आकडाही सहाव्या शतकाच्या आरंभीच्या एका जुन्या बनावटीतून उचललेला). पदावरून काढलेल्या, मालमत्ता हिरावलेल्या बिशपला आधी सारे परत द्यावे, खटल्याची भाषा त्यानंतर करावी. आणि स्थानिक आर्चबिशप अन्याय करील तर थेट रोमकडे दाद मागता यावी.

आता त्या दशकांतील घटना पाहाव्यात. ८३३ मध्ये सम्राट लुई द पायस याला त्याच्याच मुलांनी पदच्युत केले. राँसचा आर्चबिशप एबो त्या कटात पुढे होता. लुई परतला, आणि ८३५ मध्ये एबोला पद सोडावे लागले. लुईच्या मृत्यूनंतर एबो अल्पकाळ परत आला, पुन्हा गेला. ८४५ मध्ये त्या आसनावर हिंकमार बसला, आणि एबोने दुसऱ्या खेपेत दीक्षा दिलेल्या धर्मगुरूंची पदे अवैध ठरू लागली. राजे बदलत होते आणि प्रत्येक बदलात बिशपांच्या माना सुळावर होत्या. अशा काळात जवळच्या बलदंडापासून वाचायचे तर दूरच्या, फारसा हस्तक्षेप न करू शकणाऱ्या श्रेष्ठाचे नाव घेणे हा शहाणपणाचा मार्ग असतो. पोपची सत्ता वाढवणे हा या मंडळींचा हेतू नव्हता. पोप त्यांच्यासाठी छत्री होता.

छत्री पुढे राजछत्र झाले, ही निराळी गोष्ट. सोआसोंचा बिशप रोथाड याला हिंकमारने ८६२ मध्ये पदावरून दूर केले. रोथाड रोमला गेला आणि पोप निकोलस पहिला याने ८६५ मध्ये त्याला पुन्हा पदावर बसवले. निकोलसच्या युक्तिवादात बनावट पत्रांतील तत्त्वांचा सूर ऐकू येतो. हिंकमारचे वागणे तर वाचण्यासारखे आहे. त्याचा भाचा, लाओंचा बिशप, याच पत्रांच्या आधारे मामाविरुद्ध उभा राहिला, तेव्हा ती पत्रे म्हणजे आर्चबिशपांसाठी मांडलेला उंदराचा सापळा आहे, अशा अर्थाची तक्रार हिंकमारने केली. परंतु सोयीचे असेल तेथे त्याने स्वतःही हीच पत्रे आधाराला घेतली. युरोपातील एक अत्यंत बुद्धिमान कायदेपंडित खऱ्या-खोट्याच्या सीमेवर उभा राहून, उपयोगी काय एवढेच पाहत होता. त्याला ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याचे समकालीन पत्राला मान देत होते तो त्यातील तत्त्व जुन्या परंपरेशी जुळते की नाही हे पाहून. शाई कोणत्या वर्षाची, हा प्रश्न त्यांना आजच्यासारखा पडत नव्हता.

बनावट उघडी पडायला सातशे वर्षे लागली. निकोलस ऑफ क्युसा याने १४३३ मध्ये काही पत्रांविषयी शंका घेतली. लोरेन्झो वाल्ला याने १४४० मध्ये कॉन्स्टंटाइनच्या दानपत्राची भाषा तपासून त्याचा निकाल लावला. सोळाव्या शतकात माग्डेबुर्गच्या प्रोटेस्टंट इतिहासकारांनी हल्ला चढवला. आणि १६२८ मध्ये डेव्हिड ब्लोंडेल याने एकेका पत्राची चिरफाड करून प्रकरण संपवले. पुरावे पाहून आजही गंमत वाटते. दुसऱ्या शतकातील पोप बायबलची वचने उद्धृत करतात ती जेरोमच्या लॅटिन भाषांतरातून. जेरोमचा जन्म चौथ्या शतकातला.

येथे बहुतेक कथा टाळ्या वाजवून संपतात. खोटे पकडले, सत्य जिंकले. इतिहासाचे काम मात्र यानंतर सुरू होते. ही बनावट पत्रे तिसऱ्या शतकाविषयी काहीही सांगत नाहीत, आणि नवव्या शतकाविषयी ती अमूल्य आहेत. तो बिशप कशाला घाबरत होता, कोणता न्याय त्याला मिळत नव्हता, हे एखाद्या प्रामाणिक सनदेने इतके उघड सांगितले नसते. शिवाय, पदच्युताला आधी पदावर बसवा आणि मग खटला चालवा, हे तत्त्व बनावट पत्रांतून पुढच्या कायद्यात शिरले आणि जे बळाने हिरावले गेले ते आधी परत मिळावे या युरोपीय न्यायविचाराला त्याने बळ दिले. खोट्या सहीखाली चांगला नियम असू शकतो. ही अडचणीची गोष्ट आहे, म्हणूनच ती सहसा सांगितली जात नाही.

११४० च्या सुमारास बोलोन्यात ग्रेशन नावाच्या अध्यापकाने परस्परविरोधी नियमांचा मेळ घालणारा आपला ग्रंथ सिद्ध केला. सुमारे चार हजार उतारे. त्यांत नवव्या शतकातील बनावट पत्रांचे उतारेही मुबलक. ग्रेशन कोण होता हे जवळजवळ ठाऊक नाही. त्याचा ग्रंथही एकसंध नव्हता: अँडर्स विनरॉथ याने गेल्या शतकाच्या अखेरीस मोजक्या हस्तलिखितांच्या आधारे दाखवून दिले की, त्याची एक आधीची, खूपच लहान आवृत्ती होती. शतकानुशतके वाचलेला, छापलेला ग्रंथ दोन थरांचा निघाला, आणि तो थर दिसला तो कोणीतरी पुन्हा पोथ्या उघडल्या म्हणून.

यानंतरचे प्रकरण अस्सल पत्रांचे आहे, आणि अस्सल पत्र कसे फसवते ते येथे दिसते.

पोप अलेक्झांडर तिसरा (११५९–११८१) याची शेकडो निर्णयपत्रे संग्रहांत उरली आहेत. ती मोजली तर एक चमत्कारिक गोष्ट आढळते. त्यांतील फार मोठा वाटा, जवळपास निम्मा, एकट्या इंग्लंडला उद्देशून लिहिलेल्या पत्रांचा आहे. का बरे? १८९८ मध्ये एफ. डब्ल्यू. मेटलंड या थोर कायदेइतिहासकाराने अधिकृत संग्रहातील इंग्लंडचा हा ठळक वाटा पाहिला आणि इंग्लंड त्या काळी रोमच्या कायद्याशी किती घट्ट बांधलेले होते याचा तो पुरावा मानला. पुढे काहींनी थॉमस बेकेटच्या ११७० मधील हत्येशी त्याचा संबंध जोडला: हत्येनंतर राजा हेन्री दुसरा नमला, रोमचा मार्ग मोकळा झाला आणि पत्रांचा पूर आला. दोन्ही स्पष्टीकरणे ऐकायला पटण्यासारखी आहेत.

चार्ल्स डगन याने १९६३ मध्ये बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील लहान-लहान संग्रहांची हस्तलिखिते बारकाईने तपासून वेगळेच उत्तर दिले. ते संग्रह करणारे लोक इंग्लंडमध्ये होते. वूस्टर, एक्झिटर, कँटरबरी येथील बिशपांना पोप स्थानिक खटल्यांसाठी आपला न्यायाधीश म्हणून नेमत असे. खटल्यागणिक पत्र येई. या बिशपांच्या पदरी असलेल्या कारकुनांनी ती पत्रे वह्यांत उतरवून घेतली, त्या वह्यांच्या नकला झाल्या, नकला खाडी ओलांडून फ्रान्स-इटलीत गेल्या आणि मोठ्या संग्रहांचा पाया ठरल्या. इंग्रज लोक इतरांहून अधिक तंटेखोर किंवा रोमचे अधिक आज्ञाधारक होते असे यातून सिद्ध होत नाही. तेथे वही ठेवणारे होते, एवढेच सिद्ध होते. बाकीच्या देशांनाही पत्रे जात होती; ती कोणी जमवली नाहीत.

म्हणजे एकही खोटे अक्षर नसलेल्या शेकडो पत्रांनी इतिहासकारांची दोन पिढ्या दिशाभूल केली. आकडेवारी बरोबर होती. ती कशाची आकडेवारी आहे, हे चुकले होते. आजचा तरुण इतिहासप्रेमी ‘अस्सल साधन आहे ना?’ असे विचारतो तेव्हा तो योग्यच प्रश्न विचारतो, पण अर्धाच. ते साधन कोणाच्या वहीतून, कोणत्या गरजेने येथवर आले, हा उरलेला अर्धा प्रश्न अधिक कष्टाचा असतो.

पत्रे मुळात निघत कशी, हेही येथे सांगायला हवे. पोप सकाळी उठून युरोपला कायदे शिकवीत बसत नसे. कोणी तक्रारदार स्वतः किंवा वकिलामार्फत रोमला जाई, आपली बाजू मांडी, आणि त्या बाजूवर विसंबून पोपच्या कचेरीतून पत्र निघे. ‘असे असे घडले असेल तर असे करावे.’ ते पत्र बहुधा तक्रारदारच घरी घेऊन येई. साहजिकच खोटे सांगून किंवा खरे दडवून पत्र मिळवण्याची चढाओढ असे. ज्यांना तेवढाही धीर नव्हता ते पत्रच बनवीत. इनोसंट तिसरा याने पोप होताच ११९८ मध्ये बनावट पत्रे करणारी टोळी पकडली. मिलानच्या आर्चबिशपाला लिहिलेल्या पत्रात त्याने लबाडीचे प्रकारच सांगितले: खोट्या पत्राला खोटी मुद्रा, खऱ्या पत्राची शिशाची मुद्रा तिच्या दोऱ्यासकट काढून खोट्या पत्राला अडकवणे, मुद्रेखाली दोरा कापून पुन्हा जोडणे, खऱ्या पत्रातील अक्षरे खरवडून नवी लिहिणे. हे पत्रदेखील कायदेसंग्रहात गेले आणि बनावट ओळखण्याचा धडा म्हणून विद्यार्थी ते शिकू लागले.

विद्यापीठांतील शिक्षक आता पोपकडूनच खात्री मागू लागले होते. बर्नार्ड ऑफ कॉम्पोस्टेला याने १२०८ च्या सुमारास इनोसंटच्या पत्रांचा एक संग्रह केला; त्यातील काही पत्रे आमची नव्हेत, असे रोमहून कळवले गेले. मग इनोसंटने पीटर ऑफ बेनेव्हेंटो याच्याकडून संग्रह करवून घेतला आणि १२१० च्या सुमारास तो स्वतःच्या प्रमाणपत्रासह बोलोन्याला धाडला. आठशे वर्षे जे काम नकलनवीस, संन्यासी, कारकून आणि लबाड मंडळी करीत आली होती, त्यावर रोमने प्रथमच हात ठेवला. संग्रहाची सत्ता सिंहासनाच्या सत्तेइतकीच मोलाची आहे, हे कळायला पोपांना इतका काळ लागला.

ग्रेगरी नववा याने हे काम पुरे केले. रेमंड ऑफ पेन्याफोर्ट या डॉमिनिकन पंडिताने आधीचे पाच संग्रह एकत्र केले, द्विरुक्ती काढली, विरोध मिटवले, आणि सप्टेंबर १२३४ मध्ये सुमारे दोन हजार उताऱ्यांचा ग्रंथ विद्यापीठांकडे रवाना झाला. न्यायालयात व अध्यापनात यापुढे हाच वापरावा, पोपच्या परवानगीशिवाय नवा संग्रह कोणी करू नये, अशी आज्ञा सोबत होती. स्मिथफील्डच्या सशांच्या मधोमध असलेला मजकूर तो हाच.

रेमंडचे काम अजोड होते आणि निर्दयही. पत्रातील हकिगत, तक्रारदाराची कैफियत, गावाचे नाव, भांडणाचा प्रकार असे बरेच काही त्याने कापून टाकले. कायद्याला नियम हवा होता. त्या विधवेचे, त्या कर्जबाजारी मठाचे पुढे काय झाले याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. १८७९ ते १८८१ या काळात एमिल फ्रीडबर्ग याने लाइपझिग येथे जी आवृत्ती छापली, तीत जुन्या संग्रहांतून शोधून हे कापलेले तुकडे तिरक्या अक्षरांत पुन्हा बसवले आहेत. अभ्यासक आजही तीच आवृत्ती उघडतात. वाचायला ती सरस आहे, परंतु कोणत्याही मध्ययुगीन न्यायाधीशापुढे तसा मजकूर कधी नव्हता. संपादकही संग्राहकच असतो.

या परंपरेचा एक धागा गोवा आणि मुंबईपर्यंत येतो. पोप निकोलस पाचवा याने जानेवारी १४५५ मध्ये पोर्तुगालचा राजा अफोन्सो पाचवा याला दिलेले पत्र, ‘रोमानुस पोंतिफेक्स’, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पुढे ‘इंडीज’च्या दिशेने विजयाचा व व्यापाराचा एकाधिकार पोर्तुगालला देते. हेही राजाच्या विनंतीवरून आणि बरेचसे त्याच्याच कैफियतीच्या शब्दांत लिहिलेले. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले. १५३४ मध्ये पोप तिसरा पॉल याच्या पत्राने गोव्याची बिशपी स्थापन झाली. पोर्तुगीज राजाच्या धार्मिक आश्रयाधिकाराला, म्हणजे पाद्रोआदोला, पुढे रोमच्याच प्रोपागांदा या खात्याने आव्हान दिले, आणि मुंबईतील चर्चे १७९४ पासून दोन अधिकारांत विभागली गेली. १८३८ मध्ये पोप ग्रेगरी सोळावा याने पाद्रोआदोचे अधिकार मोठ्या प्रमाणात काढून घेणारे पत्र काढले, तेव्हा पाद्रोआदोच्या बाजूने ते मानलेच नाही. पोपचे पत्र म्हणजे अंतिम शब्द, असे समजणाऱ्याने हा वाद अवश्य वाचावा.

वाद धुमसत असतानाच, १८६८ पासून, लिस्बनमध्ये पाद्रोआदोशी संबंधित पोपपत्रांचा जाडजूड लॅटिन संग्रह खंडशः छापला जाऊ लागला. गोव्याचा इतिहास लिहिणारे आजही त्याकडे वळतात, आणि वळलेच पाहिजे. त्यातील पत्रे अस्सल आहेत. ती एका पक्षाने, आपला हक्क शाबित करण्यासाठी, भांडणाच्या ऐन भरात जमवलेली आहेत, एवढे भान सुटले की नवव्या शतकातील राँस आणि एकोणिसाव्या शतकातील लिस्बन यांतील अंतर बरेच कमी होते.

अखेरची हकिगत एका कारकुनाची आहे. एडमंड बिशप हा लंडनमधील शिक्षण खात्यात नोकरी करणारा गृहस्थ फावल्या वेळात ब्रिटिश म्युझियममध्ये बसून जुनी हस्तलिखिते वाचत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या ध्यानात आले की, तेथील एका पोथीत पाचव्या ते अकराव्या शतकांतील पोपांच्या सुमारे तीनशे पत्रांचे उतारे आहेत आणि त्यांतील अनेक अन्यत्र कोठेच नाहीत. हरवलेल्या नोंदवह्या ज्याने पाहिल्या होत्या, अशा कोणा संग्राहकाची ती वही होती. बिशपने सारे स्वहस्ते उतरवून काढले. इंग्लंडमध्ये ते छापण्याची सोय झाली नाही, तेव्हा त्याने आपली नक्कल जर्मनीतील ‘मोनुमेंता’च्या संपादकांना विनामोबदला देऊन टाकली. पाउल एवाल्ड याने १८८० मध्ये त्यावर विस्तृत लेख प्रसिद्ध केला आणि ही पोथी ‘कोलेक्सिओ ब्रिटानिका’ म्हणून विख्यात झाली.

तिच्यात पोप लिओ चौथा याच्या एका पत्राचा त्रोटक उतारा आहे. वेसेक्सच्या राजाला तो कळवतो की, त्याचा मुलगा आल्फ्रेड रोमला आला असता आपण त्याला धर्मपुत्र मानून रोमन कॉन्सलचा कमरपट्टा व वस्त्रे दिली. साल ८५३, पुढे ‘आल्फ्रेड द ग्रेट’ म्हणून गाजलेला हा राजपुत्र तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचा होता. चरित्रांतून आणि मालिकांतून माहीत असलेल्या आल्फ्रेडच्या रोमयात्रेचा रोमकडून आलेला पुरावा तो हाच एक उतारा, एकाच पोथीतला. काही विद्वानांनी तो अकराव्या शतकातील बनावट ठरवला, काहींनी अस्सल म्हणून उचलून धरला. मूळ नोंदवही नाही, दुसरी प्रत नाही. ज्याने तो उतारा निवडला त्याला त्या लहान मुलाच्या कमरपट्ट्यात काय महत्त्वाचे वाटले, हे त्याने कोठेही लिहून ठेवलेले नाही.